पगारवाढ वेगळी, बोनस वेगळा

दसरा ओलांडला की महाराष्ट्रातल्या असंख्य छोट्या दुकानांत, कार्यालयांत आणि गॅरेजांत एकच प्रश्न न बोलता फिरू लागतो: यंदा किती? एसी दुरुस्त करणारा, पार्लर चालवणारी, चार्टर्ड अकाउंटंट, दातांचे डॉक्टर, केटरर, क्लासवाले सर, यांच्याकडे पाचपासून पंधरापर्यंत माणसं असतात आणि आकडा मालकाच्या डोक्यात असतो. गेल्या वर्षी किती दिले होते, यंदा धंदा कसा गेला, कोण सोडून जाईलसं वाटतं, कोणाच्या घरी लग्न निघालंय, या सगळ्याची मनातल्या मनात बेरीज होते आणि धनत्रयोदशीच्या आसपास पाकीट हातात पडतं. पगारवाढीचंही तसंच. एप्रिलमध्ये विचारलं तर ‘दिवाळीत बघू’, दिवाळीत विचारलं तर ‘मार्च एंड होऊ दे’.

हे कंजूषपणातून होतं असं नाही. बरेच मालक द्यायला तयार असतात, पण देण्याची रीत त्यांनी कधी ठरवलेली नसते. मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा विभाग असतो, श्रेणी असतात, तक्ते असतात. छोट्या सेवा व्यवसायात मालकच सकाळी ग्राहकाचा फोन घेतो, दुपारी वसुलीला जातो आणि रात्री पगारपत्रक लिहितो. पण याच व्यवसायात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असते. कारखान्यात यंत्र असतं, दुकानात माल असतो. सेवा व्यवसायात ग्राहकाच्या दारात उभा राहतो तो माणूस. तो गेला की त्याच्या हातातलं कसब जातं, आणि पुष्कळदा त्याला ओळखणारा ग्राहकही जातो.

घोळाचं मूळ एका गोष्टीत आहे. पगारवाढ आणि बोनस यांना एकाच खिशातून निघणारे दोन हप्ते मानलं जातं. ‘यंदा बोनस चांगला देतो, पगाराचं पुढच्या वर्षी बघू’ हे वाक्य त्यातूनच येतं. प्रत्यक्षात ही दोन वेगळी देणी आहेत. पगारवाढ माणूस आज काय करू शकतो याची किंमत असते. ती एकदा दिली की परत घेता येत नाही. बोनस त्या एका वर्षाचा हिशेब असतो. वर्ष बरं गेलं तर जास्त, ओढाताणीचं गेलं तर कमी. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात.

आकडे मांडले की फरक लगेच दिसतो. एका माणसाला दर वर्षी १,००० रुपये पगारवाढ द्यायची ठरवली, तर पहिल्या वर्षी जास्तीचा खर्च १२,००० रुपये होतो. दुसऱ्या वर्षी २४,०००, तिसऱ्या वर्षी ३६,०००. पाच वर्षांची बेरीज १,८०,००० रुपये. त्याच माणसाला दर वर्षी १२,००० रुपये बोनस दिला तर पाच वर्षांत ६०,००० होतात. शिवाय भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार हे सगळं पगाराच्या आकड्यावर चढतं, बोनसवर नाही. म्हणून पगारवाढ देताना हात आखडतो आणि बोनस देताना मोकळा होतो. मालकाच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. पण ज्याचं कसब वाढलंय त्याला वर्षानुवर्षं बोनसवर ठेवलं, तर तो पलीकडच्या दुकानात जाऊन तेच कसब जास्त पगाराला विकतो. आणि बोनस पगारासारखा नेमाने मिळत राहिला, तर घेणाऱ्याच्या लेखी तो पगारच होतो.

या दुसऱ्या गोष्टीला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुंबई इलाख्यातलाच आहे. १९१७ मध्ये अहमदाबादेत प्लेगची साथ आली. कामगार गावाकडे पळू नयेत म्हणून गिरणीमालकांनी त्यांना घसघशीत ‘प्लेग बोनस’ दिला. काही जणांना तो पगाराच्या ७० टक्क्यांच्याही वर गेला. साथ ओसरली आणि १९१८च्या सुरुवातीला मालकांनी बोनस बंद करायचं ठरवलं. मालकांच्या दृष्टीने अडचण संपली होती, म्हणून बोनसही संपला. कामगारांच्या दृष्टीने युद्धकाळातली महागाई तशीच होती आणि घरखर्च त्या वाढीव पैशांवर बेतला गेला होता. त्यांनी आधी ५० टक्के वाढ मागितली, मग गांधीजींच्या सल्ल्याने मागणी ३५ टक्क्यांवर आली. मालक २० टक्क्यांवर अडले. टाळेबंदी, संप, गांधीजींचं १५ मार्चपासूनचं उपोषण आणि शेवटी आनंदशंकर ध्रुव यांचा लवाद, या सगळ्यानंतर ३५ टक्के पदरात पडले.

मुंबईत सहा वर्षांनी तेच घडलं. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना बरकत आली होती. युद्धानंतरची काही वर्षं मालकांनी एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस दिला. १९२३ सालासाठी मिळणार नाही असं जाहीर होताच १९२४च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांचा या बोनसवर रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीनेही हक्क पोचत नाही. कामगार हात हलवत परत गेले, पण प्रश्न मिटला नाही. बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी की राहिलेला पगार, हा वाद पुढे चार दशकं चालला. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या खटल्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून काय काय वजा करायचं आणि उरलेल्यातून बोनस कसा काढायचा याचं सूत्र घालून दिलं. १९६१ मध्ये नेमलेल्या मेहेर आयोगानंतर १९६५चा बोनस कायदा आला. त्यात सुरुवातीला किमान बोनस ४ टक्के होता; सत्तरच्या दशकात तो ८.३३ टक्के झाला, आणीबाणीत पुन्हा खाली आणला गेला आणि नंतर परत ८.३३वर स्थिरावला. हा अपूर्णांक विचित्र वाटतो, पण १०० भागिले १२ केलं की तोच येतो. वर्षाचा एक पगार, म्हणजे तेरावा महिना.

छोट्या मालकाने यातून घ्यायचं ते एवढंच: दर वर्षी तेवढाच, न चुकता दिलेला बोनस बोनस राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ग्रॅहम ट्रेडिंग कंपनीच्या पूजा बोनसच्या खटल्यात कसोट्याच सांगितल्या. बोनस खंड न पडता दिला गेला का, पुरेशी वर्षं दिला गेला का, तोट्याच्या वर्षीही दिला गेला का, आणि दर एकसारखा होता का. चारही उत्तरं ‘हो’ असतील तर ती रूढी ठरते. ज्याला दिवाळीची रक्कम खरोखर नफ्याशी जोडायची आहे, त्याने ती पहिल्या वर्षापासून नफ्याशी जोडलेली आहे असं सांगायला हवं, आणि तसं वागायलाही हवं.

आता पगारवाढ. तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्या की बरंच सोपं होतं. पहिली महागाई. गेल्या वर्षी १५,००० रुपयांत जे घर चालत होतं ते यंदा चालत नाही. महागाई ६ टक्के धरली तर ९०० रुपये देऊनही माणूस होता तिथेच राहतो. ही भरपाई आहे. तिला ‘चांगल्या कामाचं बक्षीस’ म्हणून पुढे केलं तर घेणाऱ्याला ते लगेच कळतं. महाराष्ट्रात किमान वेतनावरचा विशेष भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, बदलतो. म्हणजे किमान वेतनाच्या आसपास असलेल्या हेल्परला मालकाने दिलेली ‘वाढ’ काही वेळा कायद्याने आपोआप द्यावी लागणारीच असते. ती वेगळी दाखवावी आणि त्यावर स्वतःची वाढ वेगळी द्यावी.

दुसरी गोष्ट बाजारभाव. शेजारच्या भागात चांगल्या हेअर स्टायलिस्टला, सराईत टॅली ऑपरेटरला किंवा डेंटल असिस्टंटला काय मिळतं याची चौकशी वर्षातून एकदा तरी करावी. बहुतेक मालकांना हे कळतं ते माणूस राजीनामा द्यायला येतो तेव्हा. मग त्याला थांबवण्यासाठी एकदम पाच हजार वाढवले जातात आणि बाकीच्या सगळ्यांना कळतं की वाढ मिळवायची तर आधी सोडून जायची धमकी द्यावी लागते.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट कसब. इथे एसी दुरुस्तीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्या धंद्यात शिकण्याच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. नवा पोरगा हेल्पर म्हणून येतो: शिडी धरतो, फिल्टर धुतो, आउटडोअर युनिट वर चढवायला हात देतो. आयटीआयमधून या ट्रेडचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला असेल तर त्याला सिद्धांत ठाऊक असतो, हात बसलेला नसतो. काही महिन्यांनी तो एकट्याने वॉटर सर्व्हिस करतो. मग स्प्लिट एसी बसवतो: भिंतीला होल पाडणं, कॉपर पाइप वाकवणं, फ्लेअर काढणं, व्हॅक्यूम करणं. त्यानंतर लीक शोधणं, ब्रेझिंग करणं आणि गॅस भरणं. सगळ्यात शेवटी पीसीबी वाचून दोष कुठे आहे ते सांगणं आणि ग्राहकाला समजेल अशा शब्दांत दुरुस्तीचा अंदाज देणं.

या चार-पाच पायऱ्या कागदावर उतरवायला एक संध्याकाळ पुरते. प्रत्येक पायरीला पगाराची एक पट्टी लावायची. समजा, हेल्पर १४ ते १७ हजार, एकट्याने सर्व्हिस करणारा १७ ते २१, बसवणारा २१ ते २८, गॅस आणि ब्रेझिंगवाला २८ ते ३६, दोष काढणारा त्याच्या वर. शहराप्रमाणे आकडे बदलतील. पायरी चढल्याचं ठरवायची कसोटीही आधीच सांगायची: सलग इतकी कामं केली आणि त्यातल्या कुठल्याही कामाची तक्रार महिन्याभरात परत आली नाही. पायरी चढली की वाढ त्याच महिन्यापासून. एप्रिलची वाट पाहायची नाही. यामुळे ‘वाढवा की’ या विनवणीच्या जागी ‘मला ब्रेझिंग शिकवा’ ही मागणी येते. मालकाला हीच तर हवी असते.

पट्ट्या ठरवताना एक काळजी घ्यावी लागते. सिएटलमधल्या ग्रॅव्हिटी पेमेंट्स या कार्डव्यवहारांची सेवा देणाऱ्या, सुमारे १२० माणसांच्या कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केलं की तीन वर्षांत कोणाचाही वार्षिक पगार ७०,००० डॉलरच्या खाली असणार नाही. अनेकांचं आयुष्य त्याने बदललं. पण कंपनीला महत्त्वाच्या वाटणाऱ्या दोन अनुभवी कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली, कारण नव्याने आलेल्यांना मोठी उडी आणि जुन्या जाणत्यांना फारसं काही नाही, हे त्यांना पटलं नाही. खालचा पगार वाढवणं चांगलंच. मधल्या पायऱ्यांमधलं अंतरही त्याच वेळी तपासावं लागतं. आपल्याकडे हे दर वर्षी छोट्या प्रमाणात घडतं. नवीन माणूस मिळत नाही म्हणून त्याला २२,०००ला घेतलं जातं, आणि सहा वर्षं काम केलेला त्याच कामासाठी २१,५००वर असतो. ही गोष्ट दुकानात आठवडाभरही लपून राहत नाही.

टक्क्यांत वाढ द्यायची की रकमेत, हाही प्रश्न येतो. सगळ्यांना सरसकट १० टक्के दिले तर १२,०००वाल्याला १,२०० मिळतात आणि ४०,०००वाल्याला ४,०००. महागाईची भरपाई रकमेत आणि कसबाची वाढ पायरीने, असं केलं तर खालच्या माणसाला न्याय मिळतो आणि वरच्यालाही शिकत राहण्याचं कारण उरतं.

पगार वाढवताना २१,००० या आकड्यापाशी थांबून हिशेब करायला हवा. राज्य कामगार विमा योजना ज्या आस्थापनांना लागू आहे, तिथे जानेवारी २०१७ मध्ये तिची वेतनमर्यादा २१,००० रुपये झाली. कामगार ०.७५ टक्का भरतो, मालक ३.२५ टक्के. २०,९०० रुपये पगाराच्या माणसाच्या खिशातून महिन्याला जेमतेम १५७ रुपये जातात आणि बदल्यात त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतात. त्याला ६०० रुपये वाढवून २१,५०० केलं, की चालू अंशदान कालावधी संपल्यावर तो योजनेबाहेर जातो. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. घरात आजारी आई असलेल्या माणसाला ही ‘वाढ’ महागात पडते. अशा वेळी एकदम पुरेशी मोठी वाढ द्यावी किंवा गट आरोग्य विमा काढून द्यावा. आणि काहीही करण्याआधी त्या माणसाशी बसून बोलावं.

बोनसकडे वळलं की पहिला मोह कमिशनचा होतो. जितकं काम आणशील तितके पैसे. विक्रीच्या धंद्यात ते पुष्कळदा चालतं. सेवेच्या धंद्यात, विशेषतः जिथे ग्राहकाला कामातलं कळत नाही तिथे, ते धोक्याचं आहे. अमेरिकेत सीअर्स या जुन्या नावाजलेल्या कंपनीची गाड्या दुरुस्त करणारी केंद्रं देशभर होती. तिथे ग्राहकाशी बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांना दुरुस्तीच्या विक्रीवर कमिशन आणि टार्गेट लावलं गेलं. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्याने आरोप केला की या केंद्रांत गरज नसलेली दुरुस्ती गळ्यात मारली जाते. सरकारी माणसं साधे ग्राहक बनून गाड्या घेऊन गेली होती. देशभर बोभाटा झाला, कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागली आणि सेवा सल्लागारांचं कमिशन बंद करावं लागलं. ते कर्मचारी मुळात लबाड होते असं मानण्याचं कारण नाही. एकाच आकड्यावर त्यांचं घर चालत होतं, आणि तो आकडा वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग ग्राहकाच्या अज्ञानातून जात होता.

एसीवाल्याने ‘जितक्या वेळा गॅस भरशील तितके दोनशे’ असं ठरवलं, तर गॅस भरण्याची गरज एका उन्हाळ्यात अचानक वाढेल. दातांच्या दवाखान्यात असिस्टंटला रूट कॅनालवर कमिशन दिलं, तर रुग्णाचा विश्वास जाईल.

पण दुसरी बाजूही खरी आहे. गाड्यांच्या पुढच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट या अमेरिकन कंपनीने १९९४-९५च्या सुमारास तासावर पगार देणं सोडून काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ एडवर्ड लेझिअर यांनी तिथल्या सुमारे ३,००० कामगारांच्या नोंदी अभ्यासून २००० साली निष्कर्ष छापले: प्रत्येकामागचं काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातला साधारण निम्मा भाग त्याच माणसांनी जास्त काम केल्याचा होता. बाकीचा चांगले कारागीर टिकल्याचा आणि नवे चपळ कारागीर आल्याचा. कामगारांचा पगारही सुमारे १० टक्क्यांनी वाढला. म्हणजे वाढलेल्या कामाचा मोठा वाटा कंपनीकडे गेला.

सीअर्समध्ये जे बिघडलं ते सेफलाइटमध्ये का जमलं? काच फुटली आहे की नाही हे ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. काम वाढवून सांगता येत नाही. चांगली बसली की नाही हेही काही दिवसांत कळतं, आणि नीट न बसलेली काच ज्याने बसवली त्यालाच आपल्या वेळात पुन्हा बसवावी लागे. शिवाय काम कमी असलेल्या आठवड्यात जुन्या पगाराएवढी रक्कम हमखास मिळत होती. जिथे काम मोजता येतं, गुणवत्ता तपासता येते आणि किमान पगाराची हमी आहे, तिथे कामागणिक पैसे देणं न्याय्य ठरतं. घरोघरी सोफा धुणारे, इस्त्रीवाले, डिलिव्हरीवाले यांच्याकडे ते बसतं. जिथे ग्राहक तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबून असतो, तिथे वैयक्तिक कमिशन ठेवूच नये, असं या लेखाचं स्पष्ट मत आहे.

तिथे मग काय? सगळ्यांचा मिळून एक वाटा. मुंबईचे डबेवाले हे याचं घरचं उदाहरण. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवसायात डबेवाले मुकादमाच्या हाताखाली गटागटाने काम करतात. गटाची मिळकत एकत्र होते, रेल्वेचे पास, सायकली वगैरे खर्च वजा होतात आणि उरलेलं सगळ्यांत सारखं वाटलं जातं. कोणाची लाइन लांबची, कोणाच्या वाट्याला जिने जास्त, तरी वाटा सारखा. एकाचा डबा चुकला तर नाव गटाचं जातं, म्हणून आजारी पडलेल्याचे डबे दुसरा उचलतो. दिवाळीला ते ग्राहकांकडून एका महिन्याचे जास्तीचे पैसे बोनस म्हणून घेतात, आणि मुंबईकर ते देतात.

नोकरदार ठेवणाऱ्या छोट्या व्यवसायात अगदी समान वाटणी जमणार नाही, पण मधला मार्ग आहे. नऊ माणसांचं एक दुरुस्ती केंद्र कल्पून पाहू. वर्षाची जमा ९६ लाख. सुटे भाग आणि सामान ३४ लाख, पगार ३० लाख, भाडं, वीज, गाड्या, पेट्रोल, फोन, विमा मिळून १४ लाख. उरले १८ लाख. बरेच मालक इथेच चुकतात आणि या १८ लाखांना नफा म्हणतात. मालक स्वतः रोज दहा तास राबतो. त्या कामासाठी बाहेरचा माणूस ठेवला असता तर महिना ७५,००० तरी द्यावे लागले असते. ते ९ लाख त्याचा पगार म्हणून बाजूला काढायचे. नवीन यंत्रं आणि गाडीसाठी २ लाख राखून ठेवायचे. उरले ७ लाख. यातले ३० टक्के, म्हणजे २,१०,००० रुपये, कर्मचाऱ्यांचे.

हे दोन भागांत वाटायचे. अर्धे, म्हणजे १,०५,०००, नऊ जणांत समान: प्रत्येकी ११,६६७. उरलेले अर्धे पगाराच्या प्रमाणात: वर्षाच्या पगाराच्या ३.५ टक्के. मग १४,००० पगाराच्या हेल्परला ११,६६७ अधिक ५,८८० मिळून १७,५४७ रुपये मिळतात, म्हणजे सव्वा महिन्याचा पगार. ४५,००० घेणाऱ्या मुख्य मेकॅनिकला ११,६६७ अधिक १८,९०० मिळून ३०,५६७. हेल्परच्या हातात पगाराच्या मानाने जास्त पडतं, मेकॅनिकच्या हातात रकमेने जास्त पडतं, आणि दोघांनाही कळतं की पुढच्या वर्षी ७ लाखांचे ९ लाख झाले तर आपलेही वाढतील. या सूत्रात एक अट जोडता येते: परत आलेल्या तक्रारींचं प्रमाण ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तर वाटा ३० वरून २५ टक्क्यांवर येईल. मग ब्रेझिंग करताना घाई करणाऱ्याला सोबतचाच माणूस थांबवतो.

या सगळ्याच्या खाली कायद्याची जमीन आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि बोनस, किमान वेतन, वेतन प्रदान आणि समान मोबदला हे चारही जुने कायदे तिच्यात गेले. बोनसची मुख्य चौकट तशीच राहिली. ज्या आस्थापनेत हिशेबी वर्षात २० किंवा जास्त कर्मचारी आहेत, तिथे वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याला किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस द्यावा लागतो. नफा झाला नाही म्हणून किमान बोनस टळत नाही. फक्त नव्या आस्थापनेला पहिली पाच वर्षं नफ्याच्या वर्षापुरतं बंधन असतं. पात्रतेची वेतनमर्यादा सरकार अधिसूचनेने ठरवतं. २०१५च्या दुरुस्तीने ती २१,००० झाली होती आणि हिशेब ७,००० रुपये किंवा किमान वेतन, जे जास्त असेल त्यावर होत असे. ७,००० धरले तर वर्षाचा किमान बोनस ६,९९७ रुपये येतो. बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बँक खात्यात जमा करायचा असतो. ३१ मार्चला वर्ष संपत असेल तर मुदत ३० नोव्हेंबर, म्हणजे दिवाळी तिच्या आतच येते.

याच संहितेने आणखी एक पळवाट बुजवली. पगार कमी दाखवून भत्ते फुगवायची पद्धत जुनी आहे. आता वगळता येणाऱ्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो. वाढ भत्त्यात लपवून फारसं काही वाचत नाही. आणि सारख्या कामाला स्त्री आणि पुरुष यांना सारखाच पगार द्यायचा, हे १९७६च्या कायद्यापासूनचं बंधन तसंच आहे. रिसेप्शनवरची मुलगी ‘घर चालवत नाही’ म्हणून तिची वाढ कमी, हा विचार अन्यायाचा आहे आणि बेकायदाही.

१० माणसं असलेल्या दुकानाला बोनसचा कायदा लागू नसेल, तरी किमान वेतन लागू असतंच. आणि बोनस कायद्याने लागू नाही म्हणून द्यायचा नाही, असं छोटा मालक क्वचितच करतो. त्याची खरी अडचण पैसा हातात कधी असतो ही आहे. एसीवाल्याची कमाई मार्च ते जूनमध्ये होते आणि बोनस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. मधल्या पावसाळ्यात तो पैसा पगारात आणि उधारीत विरून जातो. मग दिवाळीच्या तोंडावर कर्ज काढलं जातं. उपाय साधा आहे. महिन्याचे पगार अडीच लाख असतील तर दर महिन्याला त्याचा बारावा भाग, २०,८३३ रुपये, वेगळ्या खात्यात टाकायचे. बाराव्या महिन्याला एका पगाराएवढी रक्कम तयार असते. उन्हाळ्यात जास्त आणि पावसाळ्यात कमी टाकलं तरी चालेल, पण खातं वेगळंच हवं.

उचल हाही याच खात्याशी जोडलेला गुंता आहे. मुलाची फी, गावचं घर, दवाखाना यासाठी माणसं उचल घेतात आणि बरेच मालक ती दिवाळीच्या बोनसमधून एकदम कापतात. बाकीच्यांच्या हातात पाकीट आणि याच्या हातात कोरा हिशेब, असं चित्र सणाच्या आदल्या दिवशी तयार होतं. उचल पगारातून छोट्या हप्त्यांत फेडून घ्यावी. संहितेने पगारातल्या एकूण कपातीला ५० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. प्रत्यक्षात हप्ता त्याच्या कितीतरी खाली ठेवावा. आणि बोनसला हात लावू नये.

दिवाळीनंतर माणसं सोडून जातात ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. ‘बोनस घेतला आणि गेला.’ जो वर्षभर राबला त्याने आपल्या वर्षाचा वाटा घेतला, यात त्याचं काही चुकलं नाही. पण मालकालाही उन्हाळ्याच्या तोंडावर माणसं हवी असतात. नफ्यातल्या वाट्याचा मोठा भाग दिवाळीला आणि छोटा भाग गुढीपाडव्याला, असं आधीच जाहीर करून दोन वेळा देता येतो. कायद्याने देय असलेला बोनस मात्र असा लांबवता येत नाही.

शेवटचा मुद्दा सांगण्याचा. पगारवाढीची आणि बोनसची बैठक एकाच दिवशी ठेवू नये. बोनस दिवाळीला सगळ्यांसमोर समजावून द्यावा: इतकी जमा, इतका खर्च, इतका वाटा. सगळे आकडे दाखवायची तयारी नसेल तर निदान सूत्र आणि अंतिम रक्कम दाखवावी. पगारवाढ एप्रिलमध्ये प्रत्येकाशी एकट्याने बोलून द्यावी, आणि त्यात महागाईचे किती, पायरीचे किती, बाजारभावाचे किती हे सुटं सांगावं. दिली नाही तर कारण सांगावं आणि काय केलं की मिळेल तेही सांगावं. दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून हातात द्याव्यात. पाकिटातला आकडा समजला नाही तर माणूस तो शेजारच्याच्या आकड्याशीच ताडून पाहतो.

ज्यांच्याकडे पाच-दहा माणसं राबतात अशा प्रत्येक व्यावसायिकाने नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी एक कोरा कागद घ्यावा. एका बाजूला आपल्या कामाच्या पायऱ्या आणि त्यांच्या पगारपट्ट्या लिहाव्यात, दुसऱ्या बाजूला नफ्याच्या वाट्याचं सूत्र आणि देण्याची तारीख. मग तो कागद एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाचून दाखवावा, वर्षाची कमाई व्हायच्या आधी.